अडलेला शब्द

घाटाखालच्या एका गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत होते. त्यांचे खरे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. सारा मुलूख त्यांना वैद्यबुवा म्हणे. औषधे पुष्कळांजवळ असतात, पण वैद्यबुवांकडे लोक येत ते त्यांच्या बोलण्यासाठीही. रोग्याच्या उशाशी बसून ते सावकाश बोलत. काय झाले आहे, कशाने झाले आहे, आता काय होईल आणि त्यातल्या कशाला भ्यायचे नाही, हे ते अशा रीतीने सांगत, की तापाने फणफणलेला माणूससुद्धा ऐकता ऐकता शांत होई.

त्यांच्याजवळ गदाधर नावाचा शिष्य होता. मिसरूड फुटायच्या वयात तो त्यांच्या दारी आला होता आणि आता त्याच्याच कानशिलांवर पांढरे केस दिसू लागले होते. वैद्यबुवांच्या पत्नी वारल्यापासून घरात हे दोघेच. सकाळी रोगी, दुपारी औषधे कुटणे, संध्याकाळी पाठ, असा त्यांचा दिवस जाई. बोलायला गुरुजी आणि ऐकायला आपण, ही व्यवस्था गदाधरला इतकी अंगवळणी पडली होती की तिला कधी अंत असेल हे त्याच्या मनातही आले नव्हते.

पहिल्यांदा ते घडले तेव्हा गदाधर हसला होता. वैद्यबुवा ओट्यावर बसून सुंठ निवडत होते. मान वर न करता ते म्हणाले, "आतून जरा ते घेऊन ये."

"काय आणू?"

"ते रे... ज्यात आपण कुटतो ते."

"खल?"

"हां, खल." आणि दोघेही हसले.

पुढच्या आठवड्यात कितीतरी वर्षे शेजारी राहिलेला माणूस ओट्यावर आला. वैद्यबुवांनी "या, या" म्हणून तोंड भरून स्वागत केले आणि पुढे नाव घ्यायला गेले, तो त्यांची जीभ थबकली. ते त्याच्याकडे पाहत राहिले. ओळख डोळ्यांत पुरती होती, नाव तेवढे येत नव्हते. "बसा," ते शेवटी म्हणाले. शेजारी बसला. त्याच्या काही ध्यानात आले नाही, पण गदाधरच्या आले. त्याच दिवशी दुपारी खलाचे नाव पुन्हा अडले. या वेळी कोणी हसले नाही.

त्यानंतर गदाधर गुरुजींचे बोलणे वेगळ्या कानांनी ऐकू लागला. तेव्हा त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. लहानपणी पाठ केलेले श्लोक वैद्यबुवांच्या मुखातून पूर्वीसारखेच अस्खलित येत. जुन्या गोष्टी ते रंगवून सांगत. अडत ती रोजची नावे, जवळच्या माणसांची आणि घरातल्या वस्तूंची. सकाळी कमी अडत, दुपारी थकल्यावर जास्त. दोघेच असले तर कमी, चार माणसे भोवती असली आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत असले की फारच. मग ते "नाही, नाही" म्हणत, "थांब" म्हणत, हात हवेत फिरवत. तो हात पाहिला की गदाधरला घाम फुटे.

एकदा त्याने धीर करून विचारले, "गुरुजी, तुम्हाला बरं नाही का?"

"वय झालं रे," वैद्यबुवा म्हणाले आणि उठून परसात गेले.

एवढ्या उत्तराने गदाधरची भीती कमी कशी व्हावी? लोकांना कळले तर ते म्हणतील, वैद्यबुवांना भ्रम झाला, त्यांच्या हातचे औषध कसे घ्यावे. ही झाली वरवरची भीती. तिच्याखाली दुसरी होती. गुरुजींच्या पोटात जे ज्ञान आहे ते अजून पुरते आपल्याकडे आलेले नाही आणि येण्याचा रस्ता तर बंद होत चालला आहे. आणि या दोन्हींच्या तळाशी आणखी एक होती, तिच्याकडे तो पाहतच नसे. एका दुपारी औषधांच्या फडताळासमोर उभा असताना त्याला स्वतःला जिऱ्याचे नाव आठवेना. क्षणभरच. त्या दिवशी तो जेवला नाही.

भ्यालेला माणूस काहीतरी करू पाहतो. गदाधरने जे केले ते त्याला सेवा वाटले. गुरुजींचे वाक्य अडखळू लागले की तो पुढचा शब्द पुरवी. प्रथम तो नुसता हळूच सुचवत असे, पुढे वाक्यच पुरे करू लागला. एके दिवशी पाटलांची बहीण डोकेदुखीसाठी आली होती. वैद्यबुवा तिला म्हणाले, "तू रोज सकाळी, काही खाण्याआधी..." आणि थांबले.

"कोमट पाणी घ्या," गदाधर म्हणाला.

वैद्यबुवांनी त्याच्याकडे पाहिले आणि मान हलवली. त्यांना कोमट पाणीच म्हणायचे होते की दुसरे काही, हे कोणी विचारले नाही.

लोक गदाधरचे कौतुक करू लागले. "शिष्य असावा तर असा," ते म्हणत. "गुरूच्या मनातलं ओठावर यायच्या आत ओळखतो." हळूहळू रोगी वैद्यबुवांना नमस्कार करून दुखणे मात्र गदाधरला सांगू लागले. वैद्यबुवा नाडी पाहत आणि बोलणे गदाधर करी. ते दिवसेंदिवस गप्प होत गेले. संध्याकाळी पूर्वी ते गोष्टी सांगत, त्याही थांबल्या, कारण गोष्टीत कुठे अडले की गदाधर शेवट सांगून मोकळा होई. गुरुजींना त्रास नको म्हणून. त्या वेळी वैद्यबुवा त्याच्याकडे एका विशिष्ट तऱ्हेने पाहत. गदाधर त्या नजरेला कृतज्ञता समजत असे.

त्यांच्या "नाही, नाही"कडेही त्याने आता लक्ष देणे सोडले होते. ते शब्द म्हणजे गुरुजींचे चाचपडणे, त्यात अर्थ काही नाही, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

अशात नदीपलीकडच्या पेठेतून निरोप आला. तिथले गूळ-खोबऱ्याचे व्यापारी नागेशशेट यांच्या पत्नीला फार त्रास होत होता. शेटांनी गाडी पाठवली होती. उन्हाचे दिवस होते. पेठेत पोहोचेपर्यंत भर दुपार झाली आणि वैद्यबुवा धुळीने व उन्हाने अगदी थकून गेले.

नागेशशेट दारातच उभे होते. मोठा गृहस्थ, पण चेहरा उतरलेला. त्यांनी दोघांना थेट आतल्या खोलीत नेले. त्यांची तरुण पत्नी रेवती भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिचे ओठ सुकले होते. मधूनच ती पोट धरून घेई आणि आवाज बाहेर पडू नये म्हणून पदर तोंडात कोंबी.

"कधीपासून होतंय?" गदाधरने विचारले.

"आठवडा होत आला," नागेशशेट म्हणाले. "लग्नाच्या जेवणाला गेलो होतो, तिथलं काहीतरी बाधलं. खाल्लेलं ठरत नाही. पाणी प्यायलं तरी उलटतं."

"पोट साफ होतं का?"

"कुठलं? चार दिवसांत नाही. आणि आता या कळा."

"बायकांचं म्हणून काही दुखणं?"

"छे, तसलं काही नाही," शेट म्हणाले.

रेवतीने मान वळवली होती. तिचे ओठ किंचित हलल्यासारखे गदाधरला वाटले. पण प्रश्नाचे उत्तर मिळालेले होते, म्हणून तो पुढे गेला. त्याच्या मनात निदान ठरत आले होते. बाधलेले अन्न आत कोंडले आहे, ते बाहेर काढले पाहिजे.

वैद्यबुवा रेवतीजवळ बसले आणि त्यांनी तिची नाडी धरली. त्यांनी ती फार वेळ धरून ठेवली. मग तिची नखे पाहिली, डोळे पाहिले आणि पुन्हा नाडी धरली. खोलीत शेट होते, शेटांचे धाकटे भाऊ होते, दारात गडी उभा होता. सगळे त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहत होते. गदाधरला ते पाहणे जाणवले आणि त्याच्या छातीत धडधडू लागले. देवा, आज नको, तो मनात म्हणाला. इथे, या लोकांपुढे नको.

वैद्यबुवांनी मान वर केली. "गदाधर," ते म्हणाले. "ही... दोन..."

आणि थांबले.

"दोन पुड्या," गदाधर ताबडतोब म्हणाला. "समजलं, गुरुजी."

"नाही, नाही. दोन..." त्यांचा हात हवेत फिरू लागला. "ते... पु... पुड्... नाही. थांब."

नागेशशेट गदाधरच्या कानाशी लागले. "बुवांची तब्येत बरी नाही का?"

गदाधरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "उन्हातून आलेत, थकलेत," तो म्हणाला. "त्यांचं म्हणणं मला कळतं. मी औषध करतो." आणि गुरुजींकडे न पाहता तो माजघरात आला.

औषधांची पेटी तिथे ठेवली होती. त्याने जमालगोट्याचे रेचक काढले. ते जहाल होते. धडधाकट माणसालाही वैद्यबुवा ते जपून देत. एक पुडी वाटीत सोडून झाल्यावर दुसरी उघडताना तो चपापला. अशक्त बाईला दोन? पण गुरुजींनीच तर सांगितले आहे, असे त्याने स्वतःला समजावले आणि दुसरीही पुडी वाटीत टाकली. मधात कालवले. आत वैद्यबुवांचा आवाज चढलेला ऐकू येत होता. "नाही... नाही..." आणि त्यावर शेटांचे समजुतीचे बोलणे, लहान मुलाशी बोलावे तसे.

वाटी घेऊन तो खोलीच्या दाराशी आला आणि जागच्या जागी थांबला.

वैद्यबुवा उंबऱ्यात आडवे झाले होते. पागोटे बाजूला पडले होते. ते कुशीवर निजले होते आणि दोन्ही हातांनी त्यांनी चौकट धरून ठेवली होती. पुढे जायचे तर त्यांना ओलांडूनच जावे लागणार होते. निजलेल्या माणसाला कोणी ओलांडत नाही, आणि हे तर गुरू.

गदाधरच्या मनात पहिला विचार आला तो असा, की झाले, ज्याची धास्ती होती ते झाले. गुरुजींची बुद्धी गेली.

"अहो, हे काय चाललंय?" नागेशशेट खोलीतून म्हणाले. "आत बाई तळमळतीय. उचला त्यांना कोणीतरी." गडी पुढे सरकला.

"हात लावू नका," गदाधर म्हणाला. तो खाली वाकला. "गुरुजी, उठा. लोक बघताहेत."

तेव्हा त्याने त्यांचा चेहरा जवळून पाहिला. त्याला वाटले होते, ते डोळे रिकामे असतील. ते रिकामे नव्हते. विहिरीच्या काठाशी रांगत निघालेले मूल दिसावे आणि हाक मारायला कंठ फुटू नये, तसे ते डोळे झाले होते. आणि ते गदाधरकडे पाहत नव्हते, शेटांकडेही नाही. ते त्याच्या हातातल्या वाटीकडे पाहत होते.

गदाधरनेही वाटीकडे पाहिले.

"गुरुजी," त्याने हळूच विचारले, "औषध चुकलं का?"

"हो," वैद्यबुवा म्हणाले. शब्द स्वच्छ होता.

"मग एकच पुडी द्यायची का?"

वैद्यबुवांनी डोळे घट्ट मिटले. त्यांचे ओठ काहीतरी जुळवत होते ते विस्कटले. गदाधरच्या ओठांवर पुढचा प्रश्न आलाच होता, दोन दिवसांनी द्यायचं का, दोन वेळा का, दोन औषधं का. आणि तेव्हा त्याला दिसले. आपण प्रत्येक वेळी तोंड उघडले, की त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी पुसले जाते. आजच नव्हे, कितीतरी दिवस हे असेच होत आले आहे.

त्याने वाटी दूर सारली आणि तो उंबऱ्याच्या अलीकडे जमिनीवर बसला. गुरुजींचा एक हात त्याने चौकटीवरून सोडवून आपल्या हातात घेतला. "मी थांबलोय," तो म्हणाला. "सावकाश होऊ द्या."

"अहो, पण..." नागेशशेट म्हणाले.

"शेट, तुम्हीही थांबा. कोणी काही बोलू नका."

थांबणे इतके अवघड असते हे गदाधरला माहीत नव्हते. आत रेवती कण्हत होती. बाहेर हमाल गाडीतून गुळाच्या ढेपा उतरवत होते, त्यांचे धप धप आवाज येत होते. जर काहीच आले नाही तर? जर गुरुजींच्या मनात खरोखरच काही नसेल, नुसता गोंधळ असेल, आणि आपण एका आजारी बाईला तळमळत ठेवून एका म्हाताऱ्याच्या भ्रमापाशी बसलो असू तर? तरी तो गप्प राहिला.

वैद्यबुवांची बोटे त्याच्या मनगटावर सरकली. नाडी पाहतात तशी ती तिथे टेकली. ओठ हलले.

"दोन," ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. "दोन... जी..."

गदाधरने हात तसाच धरून ठेवला.

"जीव," वैद्यबुवा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. "दोन जीव. गदाधर, ती दोन जिवांची आहे."

गदाधरने बाजूच्या वाटीकडे पाहिले. त्या वाटीत काय होते आणि ते पोटात गेल्यावर त्या बाईच्या गर्भाचे काय झाले असते, हे त्या घरात त्याच्याइतके कोणालाच कळत नव्हते. कदाचित ती बाईही वाचली नसती. तो उठला, वाटी मोरीत रिकामी केली, हात धुतले, पुन्हा धुतले. मग त्याने गुरुजींना आधार देऊन बसते केले आणि खोलीत येऊन रेवतीसमोर बसला.

"बाई," तो म्हणाला, "मी मघाशी तुम्हाला काही विचारलंच नाही. आता विचारतो. तुम्हाला दिवस गेलेत का?"

शेट काही बोलणार होते, पण गदाधरने हात वर केला. रेवतीने भिंतीकडे तोंड फिरवले.

"गेल्या वर्षी सगळ्यांना सांगितलं," ती शेवटी म्हणाली. "पेढे वाटले. आणि मग गेलं." तिने पोटावर हात ठेवला. "म्हणून या वेळी बोलले नाही. तोंडातून काढलं की तेही जाईल असं वाटायचं."

नागेशशेट तिच्या उशाशी येऊन बसले.

"लाह्यांचं पाणी," उंबऱ्यातून वैद्यबुवांचा आवाज आला, थकलेला पण स्पष्ट. "घोट घोट. दुसरं काही नको. आणि पडून राहा, पोरी."

कळा लगेच थांबल्या नाहीत. त्या थांबेपर्यंत वैद्यबुवा त्या घरातून हलले नाहीत आणि तोवर घरातले कोणी मोठ्याने बोलले नाही. गदाधर लाह्यांचे पाणी गाळी, पेला आत देई आणि दाराबाहेर बसून आतला प्रत्येक आवाज ऐके. आपल्या हातून जे होता होता टळले, ते तसेही होऊन जाते की काय, या भीतीने तो जेवायलाही उठत नव्हता. अखेर एका सकाळी आतून रेवतीने भूक लागल्याचे सांगितले, तेव्हा कुठे तो उठला.

परतताना गाडीत दोघेच होते. गाडीने नदी ओलांडली. मग गदाधर म्हणाला, "गुरुजी, मी तिला मारलं असतं."

वैद्यबुवांनी उत्तर द्यायला वेळ लावला. गदाधरने तो लावू दिला.

"मला काय म्हणायचंय ते कुठं जात नाही," ते म्हणाले. "ते मला लख्ख दिसतं. परवा ती पोर आणि तिच्या पोटातलं, दोन्ही माझ्या बोटांना कळत होतं. त्याला म्हणतात काय, तेवढं सापडत नव्हतं. मी शोधत असतो. जवळ आलेला असतो. तेवढ्यात तू तुझा शब्द देतोस, आणि मग... मग माझा मागं सरतो. तुझाच वाजत राहतो डोक्यात. परवा नुसतं पुड्या, पुड्या, पुड्या. दुसरं काही येईचना."

"मग तुम्ही मला आधीच का नाही सांगितलंत?"

वैद्यबुवा हसल्यासारखे झाले. "बरं वाटायचं. चारचौघांत लाज वाचायची. तू चुकीचा शब्द दिलास तरी मी मान हलवायचो. तू भिऊन बोलत होतास, मी भिऊन गप्प बसत होतो. आणि आपल्या दोघांच्या भीतीपायी ती पोर जात होती."

गाडी चढाला लागली. बैल दमाने चालू लागले.

"पुढं आणखी जातील शब्द?" गदाधरने विचारले.

"जातील."

"सगळे?"

"ते मला माहीत नाही." वैद्यबुवांनी त्याचा हात धरला. "रात्र पडली की मीही हेच विचारतो स्वतःला. म्हणून तुला सांगून ठेवतो. मला विचारत जा, एका वेळी एकच. मग थांबत जा. मी नाही म्हटलं की ते नाहीच समज, उगाच तोंडातून आलंय असं समजू नकोस. आणि काहीच आलं नाही, तर माझ्या डोळ्यांकडे बघ, मी कशाकडे बघतोय ते बघ. पण माझ्या वतीनं बोलून मोकळा होऊ नकोस. मी इथं बसलेलो असताना तू माझ्या वतीनं बोललास ना, की मला वाटतं मी मेलोच, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही."

एवढे सलग बोलून ते थकले आणि त्यांनी डोळे मिटले. गदाधर रस्ताभर त्यांच्याकडे पाहत राहिला.

त्यानंतर सगळे ठीक झाले असे सांगता आले असते तर बरे होते. शब्द जात राहिले. गदाधरचे नावही अधूनमधून जाऊ लागले. रोग्यांना आता फक्त सकाळी बोलावले जाई आणि आत एका वेळी एकच माणूस घेतला जाई. पुष्कळांना तेवढा धीर नसे. ते दुसऱ्या वैद्याकडे गेले. जे राहिले ते ओट्यावर बसत आणि वाट पाहत. गदाधरची भीती काही गेली नाही. दर सकाळी गुरुजींना हाक मारताना, आज काय शिल्लक असेल, या विचाराने तो दाराशीच घुटमळे. फक्त त्या भीतीने तो आता तोंड उघडत नसे.

एकदा लांबून एक श्रीमंत गृहस्थ आले. वैद्यबुवांची ख्याती त्यांनी वडिलांकडून ऐकली होती. ओट्यावर भिंतीला टेकून बसलेल्या, मान किंचित कललेल्या त्या वृद्धाकडे त्यांनी पाहिले, आणि त्यांच्या डोक्यावरून गदाधरला विचारले, "यांना अजून समजतं का काही?"

वैद्यबुवांचे डोळे हलले. गदाधरच्या छातीत पुन्हा तीच धडधड सुरू झाली, कारण त्या सकाळपासून गुरुजींच्या तोंडून एकही शब्द बाहेर पडला नव्हता.

"त्यांनाच विचारा," तो म्हणाला.

गृहस्थ अवघडले. मग ते खाली बसले, त्यांनी वैद्यबुवांना नमस्कार केला आणि आपले दुखणे सांगितले. वैद्यबुवांनी त्यांची नाडी धरली. त्यांचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. तिथे कोणता शब्द बसेल, हे गदाधरला दिसत होते, निदान त्याला तसे वाटत होते. तो शब्द त्याने जिभेखाली दाबून धरला, आणि तो थांबला.